किती सीसीची घेऊ?

"बजेट कमी आहे, झाडं मोठी आहेत, तर जास्तीत जास्त किती सीसीची चेनसॉ घेता येईल?" हा प्रश्न मला इथे मिशिगनमध्ये शेजारी विचारतात, ऑफिसातले लोक विचारतात, आणि २०२० नंतर कोकणातले नातेवाईकही फोनवर विचारायला लागलेत. उत्तराच्या आधीच सांगून टाकतो, की हा प्रश्नच चुकीचा आहे आणि वर धोक्याचाही आहे. खिशात पैसे मोजके असतील तर सर्वात मोठी करवत ही सर्वात वाईट खरेदी, असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते सविस्तर सांगतो. पटलं नाही तर जरूर भांडा, पण आकडे घेऊन भांडा.

पुण्या-मुंबईतल्या वाचकांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी. इथे उत्तरेकडे अजूनही बरीच घरं लाकडाच्या शेगडीवर हिवाळा काढतात. सरपण मोजायचं माप म्हणजे 'कॉर्ड'. चार फूट उंच, चार फूट रुंद आणि आठ फूट लांब रचलेली रास, म्हणजे १२८ घनफूट. अशा तीन-चार कॉर्ड लागणारं घर काही विशेष नाही. त्यात २००२ साली डेट्रॉइटच्या आसपास एक हिरवा, चमकणारा किडा सापडला. नाव एमराल्ड ॲश बोरर, मूळ गाव पूर्व आशिया. याच्या अळ्या ॲश झाडाच्या सालीखाली नागमोडी बोगदे पोखरतात, रसाचं वाहणं तुटतं आणि काही वर्षांत झाड उभ्याउभ्या वाळतं. अशी कोट्यवधी झाडं मेली. बेसबॉलच्या बॅटा ज्या लाकडाच्या करत ते हे लाकूड. मेलेलं झाड घरावर पडायच्या आधी पाडायला हवं, आणि पाडलंच आहे तर जाळायलाही उत्तम. त्यामुळे ज्याच्याकडे पूर्वी कुऱ्हाडही नव्हती असा माणूस दुकानात उभा राहून ९० सीसीच्या मशीनकडे डोळे भरून बघायला लागला.

तिकडे ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते. रस्ते मोकळे करायला, वाडी साफ करायला 'कटर' हवा झाला. बाजारात तो काही हजारांत मिळतोही. डब्यावर मोठ्या अक्षरात ५८ सीसी, २२ इंच. म्हणजे मिशिगनच्या शेजाऱ्याचा आणि श्रीवर्धनच्या वाडीवाल्याचा प्रश्न आता एकच आहे, आणि दोघांचं उत्तरही बरंचसं एकच आहे.

मुद्दा पहिला. सीसी लाकूड कापत नाही.

सीसी म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टन किती जागा झाडतो त्याचं माप. त्या जागेतून किती ताकद निघते हे इंजिनाच्या रचनेवर ठरतं. चेनसॉचं इंजिन टू-स्ट्रोक. आपल्या जुन्या बजाजच्या स्कूटरचंच भावंड, फक्त याचे फेरे मिनिटाला दहा-बारा हजारांच्या घरात. टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण आत येताना जळका धूर बाहेर ढकलतं, आणि या ढकलाढकलीत काही ताजं मिश्रणही फुकट बाहेर जातं. ही देवाणघेवाण किती नीट होते यावर सगळा खेळ. छिद्रांचे आकार, त्यांच्या उघडझापीची वेळ, एक्झॉस्टची रचना, इंजिन किती वेगानं फिरू शकतं, इथे पैसे खर्च होतात. डब्यावर यातलं काहीच छापता येत नाही. सीसी छापता येतात.

आता आकडे बघा. हुस्कवार्नाची ४६० रँचर ही 'शेतकऱ्यांसाठी' म्हणून विकली जाणारी करवत ६०.३ सीसीची आहे. ताकद २.७ किलोवॅट, वजन बार-चेन न धरता ५.८ किलो. स्टीलची एमएस २६१ ही व्यावसायिक लाकूडतोड्यांसाठीची करवत ५०.२ सीसीची. ताकद ३.० किलोवॅट, वजन ४.९ किलो. म्हणजे दहा सीसी कमी, जवळजवळ एक किलो हलकी, आणि तरी जास्त ताकदवान. आता बोला!

किलोमागे ताकद काढली की चित्र अजून साफ होतं. रँचरला किलोमागे ०.४७ किलोवॅट, २६१ ला ०.६१. अजून वर गेलो तर ७२ सीसीची एमएस ४६२ येते. ती ४.४ किलोवॅट आणि ६ किलोची, म्हणजे किलोमागे ०.७३. आणि ९१ सीसीची एमएस ६६१? ५.४ किलोवॅट, ७.४ किलो. किलोमागे पुन्हा ०.७३! म्हणजे सत्तरच्या वर सीसी वाढवले की ताकद वाढते ती वजनाच्याच प्रमाणात. जास्तीच्या प्रत्येक घोड्याचं ओझं तुमच्या कमरेवर आहे, फुकटात काही मिळत नाही. सत्तर सीसीची व्यावसायिक करवत हा या सगळ्या शिडीवरचा शहाणा थांबा आहे. अनेक व्यावसायिक लाकूडतोडे दिवसभर हातात घेतात ती याच गटातली, आणि त्यांना काही हौस भागवायची नसते.

मुद्दा दुसरा. लाकूड कापते ती चेन.

माझं पोटापाण्याचं काम म्हणजे धातूची धार का आणि कशी झिजते ते बघणं. त्यामुळे या मुद्द्यावर मी जरा हट्टी आहे.

आजच्या चेनचा दात आला कुठून? १९४६ साली ओरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या जंगलात काम करत होता. तेव्हाच्या चेनचे दात साध्या करवतीसारखे, सतत धार मागणारे. त्याला एका ओंडक्यात लाकूड पोखरणारी जाडजूड अळी दिसली. लाकडाच्या रेषांसोबत जा, आडवी जा, तिला फरक पडत नव्हता. कारण तिचे जबडे डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे आळीपाळीनं कुरतडत होते. कॉक्सनं तसेच डावे-उजवे वाकडे दात पोलादात घडवले, १९४७ मध्ये पोर्टलंडमध्ये कंपनी काढली, आणि आज जगभरच्या चेनला साधारण तोच दात आहे. एका अळीनं करवत शिकवली आणि दुसऱ्या अळीनं ॲशची झाडं मारून ती विकत घ्यायला लावली, असा हा योग.

हा दात रंध्यासारखा चालतो. दाताच्या पुढे एक छोटा उंचवटा असतो. तो दाताच्या धारेपेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली हवा. तेवढीच जाड ढलपी प्रत्येक दात उचलतो. धार गेली की दात उचलायचं सोडून घासायला लागतो. कळतं कसं? जमिनीवर बघा. ढलप्या पडत असतील तर धार आहे. पिठासारखा भुगा पडत असेल तर थांबा. चेन एकदा मातीला लागली, अगदी क्षणभर, की धार गेली म्हणून समजा. बोथट चेन लावलेली ९० सीसीची करवत ही धार असलेल्या ५० सीसीच्या करवतीपेक्षा हळू कापते, आणि वर माणूस ती जोर लावून दाबायला लागतो. दाबलेली करवत एका बाजूला पळते, बार तापवते, क्लच जाळते आणि हातातून निसटते.

धार लावायला लागते ती गोल कानस. ३/८ पिचच्या चेनला साधारण साडेपाच मिलिमीटरची. वर कोन धरायला एक पत्र्याचा गाइड. दोन्ही मिळून वीस-तीस डॉलर. पण दुकानात हजार डॉलर मोजणारा माणूस कानशीसाठी पाकीट पुन्हा उघडायला कुरकुरतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला नको, असं त्याला वाटतं. इथे मात्र हिशोब उलटा आहे. कोंबडी बारा आण्याची आहे आणि मसाल्याच्या चार आण्यांवाचून ती शिजतच नाही.

मुद्दा तिसरा. लांब बार म्हणजे लांब कटकट.

लोकांचा समज असा, की ३६ इंची बुंधा कापायला ३६ इंची बार लागतो. नाही लागत. एका बाजूनं कापत जा, मग पलीकडून या. वीस इंची बार असा पस्तीस-छत्तीस इंची ओंडका दोन बाजूंनी सहज कापतो. वखारीतला जुना माणूसही ओंडका फिरवूनच कापायचा.

बार लांब केला की काय होतं ते मोजू. वीस इंची बारच्या नेहमीच्या ३/८ चेनला साधारण ३६ दात, छत्तीस इंचीला साधारण ५७. म्हणजे दरवेळी एकवीस दात जास्त घासायचे. लाकडात एका वेळी जास्त दात गुंतले की प्रत्येक दातामागे ताकद कमी येते, त्यासाठी इंजिन मोठं, त्यासाठी वजन जास्त. ६६१ सारख्या मशीनवर छत्तीस इंची बार, चेन, पेट्रोल आणि तेल चढवलं की काटा दहा किलोच्या पुढे जातो. दहा किलो वजन, हात पुढे करून, कंबर वाकवून, उतारावर. पहिल्या तासाला मजा येते. चौथ्या तासाला हात थरथरतात, आणि अपघात चौथ्या तासालाच वाट बघत बसलेला असतो.

थरथरीचंही एक गणित आहे. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार हाताला बसणारं कंपन आठ तासांच्या सरासरीनं २.५ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर गेलं तर मालकानं उपाय करायला हवेत, आणि ५ च्या वर जाऊच द्यायचं नाही. का? कारण वर्षानुवर्षं हे कंपन घेतलेल्या माणसाची बोटं थंडीत पांढरी पडतात, बधिर होतात, आणि पुढे शर्टाचं बटण लावता येत नाही. यावर औषधानं पूर्ण सुटका नाही. स्वस्त मशीनमध्ये इंजिन आणि मुठी यांच्यामधले रबर किंवा स्प्रिंग हलक्या प्रतीचे असतात. तेही डब्यावर छापलेलं नसतं.

मुद्दा चौथा. नकला.

आता तुम्ही म्हणाल, नामवंत कंपनीच्या मोठ्या करवतीला दीड हजार डॉलरच्या आसपास लागतात हे मान्य, पण तीच रचना, तेच सीसी, तेच सुटे भाग बसणारी नक्कल तीनशे-चारशे डॉलरला मिळते की! मिळते. या नकलांना सरसकट नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. ज्याला कार्ब्युरेटर उघडता येतो, क्रँकशाफ्टचं सील गळतंय की नाही ते दाब देऊन तपासता येतं, पिस्टनच्या कडा घासून साफ करता येतात, त्याच्यासाठी नक्कल म्हणजे स्वस्तात मिळालेला सुट्या भागांचा संच. तो जोडून घेईल आणि वर्षानुवर्षं वापरेल. पण 'बजेटमध्ये कुठली घेऊ' असं विचारणारा माणूस सहसा हा नसतो. कारखान्यात जी तपासणी व्हायला हवी ती पैसे वाचवून तुमच्या गळ्यात टाकलेली असते. तुम्ही स्वस्त मशीन घेत नाही, बिनपगारी तपासनीसाची नोकरी घेता.

आणि काही भाग असे आहेत की त्यांच्यावर जुगार खेळायचाच नसतो. चेन ब्रेक, चेन तुटली तर अडवणारा आकडा, चुकून गॅस दाबला जाऊ नये म्हणून असलेली मुठीवरची कळ. यातला चेन ब्रेक सर्वात महत्त्वाचा. बारच्या टोकाचा वरचा चतुर्थांश कशाला तरी टेकला की फिरणारी चेन तिथे अडकते आणि अख्खा बार उसळून माणसाच्या तोंडाकडे, खांद्याकडे येतो. याला किकबॅक म्हणतात. चेनचा वेग सेकंदाला वीस मीटरहून जास्त, म्हणजे ताशी सत्तर किलोमीटरच्या वर. विचार करायला वेळच नसतो. तेव्हा काम करायचं ते ब्रेकनं. ९० सीसीच्या मशीनचा ब्रेक, जो कोणी तपासला होता की नाही हेच माहीत नाही, त्यावर आपलं तोंड गहाण टाकायचं का? ही काटकसर म्हणता येत नाही.

मग घ्यायचं काय? नुसती टीका करून पळणं बरं नाही, म्हणून आठशे डॉलरचा हिशोब मांडतो.

पाचशे डॉलर करवतीला. या पैशात दोन रस्ते आहेत. एक, नवी ६० सीसीच्या आसपासची, वीस इंची बार असलेली. एकोची सीएस-५९० ही ५९.८ सीसीची करवत साधारण याच पैशात येते, आणि सरपणासाठी या किमतीत मला ती रास्त वाटते. दोन, जुनी पण व्यावसायिक दर्जाची सत्तर सीसीची. हुस्कवार्ना ३७२ एक्सपी किंवा स्टील एमएस ४४०. गंमत म्हणजे दोन्ही ७०.७ सीसीच्या. दोन्हीची इंजिनाची पेटी मॅग्नेशियमची आहे, दोन्ही पुन्हा पुन्हा खोलून बांधता येतात आणि सुटे भाग मुबलक मिळतात. मला विचाराल तर दुसरा रस्ता, पण डोळे उघडे ठेवून.

जुनी घेताना चार गोष्टी करा. विकणाऱ्याला सांगा, मी यायच्या आधी चालू करू नका. थंड मशीन किती दोऱ्या ओढल्यावर सुरू होतं ते बघायचंय. मग बंद करून, थंड होऊ देऊन, मफलरचे स्क्रू काढा आणि आतल्या छिद्रातून टॉर्चनं पिस्टन बघा. गुळगुळीत असेल तर उत्तम, उभे ओरखडे असतील तर इंजिन कधीतरी तेलावाचून किंवा कमी पेट्रोलवर जळालेलं आहे. नमस्कार करून निघा. कॉम्प्रेशन गेज लावा. १५० पीएसआयच्या आसपास असेल तर छान, १२० च्या खाली असेल तर किंमत पाडा किंवा सोडा. शेवटी चेन फिरत असताना ब्रेक मारून बघा. जागच्या जागी थांबली पाहिजे. यातलं काही करू द्यायला विकणारा कुरकुरला, तर तेच तुमचं उत्तर.

उरलेले तीनशे. नव्वद चॅप्सना, म्हणजे मांड्या-पोटऱ्यांवर बांधायच्या जाड पट्ट्यांना. साठ हेल्मेटला, जाळी आणि कानावरच्या कपांसकट. पंचाहत्तर तीन जादा चेनना, म्हणजे एक बोथट झाली की दुसरी चढवायची आणि धार संध्याकाळी निवांत लावायची. पस्तीस कानशी आणि गाइडला. चाळीस प्लास्टिकच्या पाचरी, टू-स्ट्रोक ऑइल आणि बारच्या तेलाला. झाले आठशे. पेट्रोलमध्ये ऑइल पन्नासास एक, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. आणि काम संपलं की टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून मगच ठेवा. पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढतं आणि रबरी नळ्या खातं. भारतातल्या मंडळींनी हे जास्त मनावर घ्यावं, कारण २०२५ पर्यंत तिकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्रास झालं आणि बहुतेक चेनसॉची माहितीपुस्तकं १० टक्क्यांच्या पुढे परवानगी देत नाहीत.

"पण माझ्याकडे खरोखरच चार फुटी ओक पडलाय, त्याचं काय?" एक ओक असेल तर एका दिवसासाठी मोठी करवत भाड्यानं आणा, किंवा ज्याचा हा धंदा आहे त्याला बोलवा. एका झाडासाठी जन्मभराचं ओझं विकत घेऊ नका. हं, ओंडक्याच्या उभ्या फळ्या पाडायच्या असतील, म्हणजे बारला चौकट लावून रेषांच्या दिशेनं कापायचं असेल, तर तिथे ९० सीसी खरोखर लागतात. ते काम वेगळं, त्याची चेन वेगळी, दाताचा कोनही वेगळा. तसं काम वर्षातून महिनाभर करत असाल तर माझा हा लेख तुमच्यासाठी नाही. बाकी आपण सगळे सरपण पाडणारे आहोत, उगाच जंगलाचे ठेकेदार असल्यासारखं वागू नये.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं.

अमेरिकेत लाकूडतोड हा सर्वात जीवघेण्या धंद्यांपैकी एक आहे. सरकारी आकडेवारीत या कामगारांत वर्षाला दर लाखामागे साधारण शंभर मृत्यू होतात. सगळ्या धंद्यांची सरासरी साडेतीनच्या आसपास आहे. हे सगळे अनुभवी लोक, चांगली हत्यारं असलेले. म्हणून इथल्या कामगार-सुरक्षेच्या नियमांत लिहिलंय, की लाकूडतोडीत चेनसॉ चालवणाऱ्या कामगाराला पायांचं संरक्षण मालकानं स्वतःच्या खर्चानं द्यायचं आणि तो ते घालतो याची खात्रीही करायची. चॅप्सच्या आत लांब, चिवट धागे असतात. चेन लागली की धागे ओढले जाऊन स्प्रॉकेटमध्ये गुंडाळले जातात आणि चेन अडकते. कातडी फाटायच्या ऐवजी कापड फाटतं. नव्वद डॉलरचं कापड.

इथे घरगुती वापरात करवत विकत घेणारा आणि चालवणारा बहुधा एकच असतो. मूर्खपणा केला तर पाय त्याचा स्वतःचा जातो. आपल्याकडे तसं नसतं. वाडीचा मालक, ठेकेदार, सोसायटीचा सेक्रेटरी मशीन विकत घेतो, आणि ती धरतो रोजंदारीवर आलेला माणूस. सीसीचं समाधान मालकाला, कंपन मजुराला. मालक डबा बघून म्हणतो "चांगलं पॉवरफुल घेतलंय", आणि पायात स्लिपर, डोक्याला टॉवेल, डोळ्याला काही नाही अशा अवस्थेत दुसरा कोणीतरी ते पॉवरफुल प्रकरण नारळाच्या बुंध्याला लावतो. नारळाचा बुंधा तर फारच वंगाळ. चिवट तंतू आणि धार खाणारं कठीण लाकूड. तिथे सीसी कितीही असोत, थोड्या वेळात दात बोथट होतात. धार लावायला कानस दिलेली नसते. मग तो माणूस दाबतो. बोथट चेन, दाबणारा हात, न तपासलेला ब्रेक आणि उघडा पाय. यातली एकही गोष्ट त्यानं निवडलेली नाही. सगळ्या दुकानात उभं राहून दुसऱ्यानं निवडल्यात.

म्हणून 'किती सीसीची घेऊ' हा प्रश्न मला चिडवतो. तो बजेटचा प्रश्न वाटतो, पण त्यात सगळं बजेट यंत्राचं आहे आणि माणसाच्या वाट्याला शून्य आहे. मला लगेच सांगितलं जातं की कोकणच्या उकाड्यात चॅप्स कोण घालणार? खरंय, गरम होतं. मग सकाळी सहा ते दहा कापा, दुपारी नको. चॅप्स अगदीच जमत नसतील तर निदान पुढे कडक टोपी असलेले बूट, जाळीचं हेल्मेट आणि तीन धारदार चेन द्या. बावीस इंची बार काढून सोळा-अठरा इंची लावा. पोफळीला बावीस इंच कशाला लागतात? हे सगळं ५८ सीसीवरून ७२ सीसीवर जाण्यापेक्षा स्वस्त आहे आणि काम वेगानं उरकेल ते वेगळंच.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात गेलात तर सीसी विचारू नका. तीन प्रश्न विचारा. एक, याची ताकद किती किलोवॅट आणि वजन किती किलो? दोन, याची चेन, कानस आणि सुटे भाग इथे, याच दुकानात, पुढच्या वर्षी मिळतील का? आणि तीन, जो माणूस ही धरणार आहे त्याच्यासाठी माझ्या पैशातले किती उरले?

तिसऱ्याचं उत्तर 'काहीच नाही' असं आलं, तर ती करवत तुमच्या बजेटमध्ये बसत नाही. मग तिची किंमत कितीही कमी असो.